खाली आणलेल्या खिडक्या

केशवराव लघाट्यांनी नोकरीत जेवढ्या म्हणून जागा कागदावर काढल्या, त्यांतल्या बहुतेकांत माणसं राहत नव्हती. मालधक्के, कोळशाचे ओटे, इंजिनाखाली उतरून काम करायचे खड्डे, पाण्याच्या टाक्या. झाशीच्या रेल्वे ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. घराणं झाशीचंच, इतक्या पिढ्यांचं की आपण मुळात इथे कुठून आलो यावर घरातल्या दोन म्हाताऱ्यांचं कधी एकमत झालं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि राग आला की बुंदेली. केशवरावांना राग फारसा यायचा नाही. बोलणंही कमीच. दिवसभर टेबलावर वाकून रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी क्वार्टरवर परतून बाजेवर पडायचं, असा त्यांचा क्रम होता.

देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, कमलला, ताप आला. ती तेव्हा पाच वर्षांची. ताप उतरला आणि उजवा पाय उचलेना. झाशीच्या डॉक्टरांनी पोलिओ सांगितला आणि दूरच्या एका मोठ्या शहरातल्या इस्पितळाचं नाव दिलं. रात्रभराचा प्रवास, पण रेल्वेचा पास होता. नवराबायको मुलीला घेऊन गेले. तिला मोठ्या हॉलमध्ये, उंच लोखंडी खाटेवर निजवलं. भिंती खांद्यापर्यंत हिरव्या, त्यावर पांढऱ्या. खिडक्या होत्या, पण मोठ्या माणसाच्या डोक्यावर. आईबापांना रविवारी तासभर आत सोडत. एरवी नाही, कारण आईला पाहिलं की पोरं जास्त रडतात, असं तिथल्या सिस्टरचं म्हणणं.

केशवराव नोकरीवर परतले. त्यांच्या पत्नी राधाबाई मात्र त्याच शहरात एका लांबच्या नातलगाकडे पथारी टाकून राहिल्या. रोज दुपारी त्या इस्पितळाच्या भिंतीबाहेर जाऊन उभ्या राहायच्या. आत चाळीसेक पोरं रडत असायची, त्यातलं कमलचं रडणं त्यांना वेगळं ऐकू यायचं. केशवराव त्या पावसाळ्यात दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला घंटा झाल्यावर कमलनं त्यांच्या सदऱ्याची कड पकडली ती सोडेना. सिस्टरनं तिची बोटं एकेक करून उलगडली. त्यानंतर केशवराव गेले नाहीत. रजा मिळत नाही, असं ते सांगत.

दसऱ्याच्या सुमारास राधाबाईंनी डॉक्टरांचं न ऐकता मुलीला उचलून घरी आणलं. "आता नाही ऐकवत मला," एवढंच त्या म्हणाल्या. कमल पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून चालायला शिकली ती घरातच, भिंतीला धरून.

या सगळ्यातून केशवरावांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. गाडी घसरली की आधी रूळ तपासायचा, ही त्यांच्या खात्याची रीत. पोरं का रडतात, याचं उत्तर त्यांना त्या हिरव्या भिंतींत आणि डोक्यावरच्या खिडक्यांत सापडलं. इमारत चुकली होती. डॉक्टर बरे होते, सिस्टर बऱ्या होत्या, आईबापही बरे होते. आपल्या दोनच खेपांचा हिशेब त्यांनी त्या इमारतीच्या माथी मारला आणि त्यांना थोडी झोप येऊ लागली.

कमल तेरा वर्षांची झाली तेव्हा गावातले वकील आबासाहेब मोकाशी एका संध्याकाळी क्वार्टरवर आले. चारदोन व्यापारी आणि डॉक्टर यांना घेऊन त्यांनी एक मंडळ काढलं होतं. पोलिओनं अधू झालेल्या मुलांसाठी झाशीत बालसदन बांधायचं. मुलांनी काही महिने राहायचं, व्यायाम करायचे, पायाला पट्ट्या लावून चालायला शिकायचं आणि आपापल्या घरी जायचं. गावातल्या नगरा नावाच्या वस्तीत रुळांच्या कडेला जागा मिळाली होती. नकाशा कोण काढणार, हा प्रश्न होता.

"मालधक्का काढून द्याल हो तुम्ही," आबासाहेब हसत म्हणाले. "हे जमेल का?"

"जमेल," केशवराव म्हणाले.

त्या हिवाळ्यात केशवरावांच्या घरी टेबलाचा उपयोग झाला नाही. कागद जमिनीवर पसरलेला असे आणि बापलेक त्याच्या दोन बाजूंना बसलेले. केशवराव आधी पालथे पडून, मग उताणे पडून आपल्याच खोलीकडे बघायचे. राधाबाई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणायच्या, "अहो, शेजारचे काय म्हणतील?" ते उठायचे नाहीत.

"तिथे निजल्यावर काय दिसायचं तुला?" त्यांनी कमलला विचारलं.

"छत."

"आणखी?"

"छतावर एक ओला डाग होता. उंटासारखा. मी त्याच्याशी बोलायचे." कमल पेन्सिलीला टोक करत होती. "दाराची कडी हाताला लागायची नाही. कोण आलं ते कळायचं नाही. रसोईचा वास यायचा नाही, म्हणून जेवायची वेळ झाली का तेही कळायचं नाही. सब कुछ अचानक होता था, नाना."

केशवरावांनी एकेक गोष्ट कागदावर सोडवली. खिडक्यांचे उंबरे खाटेच्या पातळीला आणले, आणि ते इतके रुंद केले की मूल त्यावर बसावं. बाहेरून गज, पण पोटफुगे, म्हणजे मान बाहेर काढून रुळांकडे बघता येईल. पायरी कुठेही नाही, सगळीकडे उतार. भिंतीला दोन कठडे, एक चार वर्षांच्या हाताला लागेल असा, एक दहा वर्षांच्या. दारं अर्धी, येणाऱ्याचं तोंड आधी दिसावं म्हणून. स्वयंपाकघर मधोमध, म्हणजे फोडणीचा वास सगळ्या खोल्यांत जाईल. आवारातलं कडुनिंबाचं झाड राखून त्याभोवती ओटा. आणि मुलांच्या खोलीला लागून त्यांच्या आयांना राहायला खोली. तिथे चूल, मोरी, आणि पोरांच्या खोलीत थेट उघडणारं दार. रविवारची वाट बघायची नाही, घंटा नाही.

ही खोली आणि खालच्या खिडक्या मंडळ उडवून लावणार, अशी त्यांची खात्री होती. भांडायचं कसं, याची त्यांनी मनाशी तालीमसुद्धा केली होती. तसं काही झालं नाही. आबासाहेबांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ बघितला. पोरं खिडकीतून पडणार नाहीत ना, एवढं विचारलं. गज दाखवल्यावर मान डोलावली. दीड वर्षात बालसदन उभं राहिलं ते कागदावर होतं तसंच.

पहिलं मूल टांग्यातून आलं ते सगळ्या नगऱ्याला ऐकू जाईल असं रडत. बाप त्याला खांद्यावर टाकून उतारावरून आत आला आणि खिडकीच्या रुंद उंबऱ्यावर त्यानं त्याला क्षणभर टेकवलं. बाहेरून इंजिन चाललं होतं, वाफ सोडत, सावकाश. मूल गप्प झालं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. संध्याकाळपर्यंत खिडक्यांतून पोरं ओळीनं बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना हात करत होती. केशवराव कडुनिंबाखाली उभे राहून बघत होते. कमल जवळ आली.

"छान झालंय, नाना," ती म्हणाली.

आयुष्यात आणखी कशानं त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

बालसदनाच्या मेट्रन स्नेहलताबाई. मूळच्या सोलापूरच्या, नवरा रेल्वेत गार्ड, म्हणून झाशीत आलेल्या. त्यांनी वर्षभरानं केशवरावांना कौतुकानं सांगितलं, "तुमच्या या जागेत पोरं पहिल्या दिवशीसुद्धा रडत नाहीत हो. मी तीन इस्पितळं पाहिली, असं कुठे पाहिलं नाही."

केशवराव सुखावले. आयांच्या खोलीत पूर्वीइतकी गर्दी दिसत नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हाही स्नेहलताबाई सहज म्हणाल्या, "त्या म्हणतात, पोर इथे रमलंय, मग मी कशाला राहू? घरी दुसरी लेकरं, गुरंढोरं, कापणी. आधी महिनाभर राहायच्या, मग आठवडा, आता दोन रात्री." वर्षभरात त्या खोलीत गाद्या आणि तांदळाची पोती येऊन पडली. केशवरावांना त्यातही काही वावगं वाटलं नाही. आईला जायला जमतं म्हणजे मूल सुखात आहे, असा त्यांनी अर्थ लावला.

मऊरानीपुरच्या पलीकडच्या एका खेड्यातून फूला नावाची मुलगी आली होती, सहा वर्षांची. दोन्ही पाय गेलेले. आईनं जाताना तिला खिडकीत बसवलं आणि सांगितलं, संध्याकाळच्या गाडीनं येईन. मऊरानीपुरची गाडी त्याच रुळांवरून यायची. फूला रोज संध्याकाळी खिडकीत बसायची. सुरुवातीला आई दोनतीनदा आलीही. मग गाडी यायची आणि जायची. फूला रडत नव्हती. कुबड्या घेऊन चालायला शिकली, गाणी शिकली, पाटीवर मुळाक्षरं काढायला लागली. तिचे उपचार संपले आणि घरी निरोप धाडले गेले. कोणी आलं नाही.

असं ती एकटीच नव्हती. स्नेहलताबाईंनी एकदा केशवरावांना बसवून घेतलं आणि हळूच सांगितलं. अकरा मुलं अशी होती की ज्यांना घरी जायला हरकत नव्हती आणि न्यायला माणूस नव्हतं.

"पत्ते चुकले असतील," केशवराव म्हणाले.

"पत्ते बरोबर आहेत."

तेव्हा केशवरावांनीच फूलाला पोहोचवायचं ठरवलं. स्नेहलताबाई बरोबर आल्या. मऊरानीपुरला उतरून पुढे बैलगाडी केली. फूलानं नवा फ्रॉक घातला होता. गाव जवळ आलं तशी ती फ्रॉकची कड सारखी नीट करू लागली.

घर बरं होतं. खाऊनपिऊन सुखी. अंगणात गहू वाळत पडला होता. फूला गाडीतून उतरली, कुबड्या टेकत चार पावलं चालली आणि उभी राहिली. आई दारात आली. कडेवर तान्हं होतं. तिनं फूलाला चालताना पाहिलं आणि पदर तोंडाला लावला, पण पुढे आली नाही. बापानं केशवरावांना खाट टाकून दिली, पाणी दिलं, गूळ दिला.

"बाबूजी, उतै तो महल है," तो आर्जवानं म्हणाला. "हम देख आए हैं. पक्की खिड़कियाँ, दोनों बखत रोटी, पढ़ाई. इतै का धरो है? इतै तो मोड़ी चौखट भी न लाँघ पाएगी."

पोरीला ओलांडता येऊ नये इतकी चौकट खरंच उंच होती. फूला तिच्याकडेच बघत होती.

"चौखट निकलवा सकते हो," केशवराव म्हणाले. "मैं बता दूँगा कैसे."

बाप हसला. उद्धटपणे नव्हे, अजाण माणसाकडे बघून हसतात तसा. "घर ही निकलवाना पड़ेगा, बाबूजी."

स्नेहलताबाई आईकडे वळल्या. "तुम बोलो. तुम्हारी बच्ची है."

आईनं फूलाकडे न बघता विचारलं, "रोती है का उतै?"

स्नेहलताबाईंना खोटं बोलता आलं नाही. "नहीं," त्या म्हणाल्या. "रोती तो नहीं."

"तो फिर," आई म्हणाली आणि तान्ह्याला घेऊन आत गेली.

परतीच्या गाडीत फूला दाराजवळच्या बाकावर बसली. तिनं एकदाच विचारलं, आपण कुठल्या स्टेशनवर उतरायचं. झाशी म्हटल्यावर तिनं मान डोलावली.

त्या रात्री जेवताना केशवरावांनी घरी हे सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "आपल्याकडे आणावं का तिला?"

राधाबाईंनी ताटातला हात थांबवला. "माझ्यानं नाही होणार. एकीला उचलता उचलता माझी कंबर गेली. तुम्ही दिवसभर ऑफिसात."

केशवराव "बरं" म्हणाले. आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, हे त्यांना लगेच कळलं.

कमल आता सतराची होती. तिनं हात धुतला, भिंतीला धरून परत येऊन बसली.

"नाना, आई मला इस्पितळातून घरी का घेऊन आली, माहीत आहे?"

"तुला तिथे सोसत नव्हतं म्हणून."

"तिला सोसत नव्हतं म्हणून. मी रडायचे ना, ते बाहेर ऐकू जायचं. मी खिडकीत हसत बसले असते, तर तीही गेली असती निघून. आपण दोघांनी मिळून पोरांचं रडणं तेवढं बंद केलं."

"कमल," राधाबाई म्हणाल्या.

"खोटं आहे का? उंटाच्या डागाचं मीच सांगितलं त्यांना. मीसुद्धा आहे यात."

केशवरावांनी ताट बाजूला सारलं. आपल्या दोन खेपांबद्दल ती काहीच बोलली नाही, हे त्यांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मंडळाच्या पुढच्या सभेत त्यांनी सांगितलं की मुलांना मुक्कामी ठेवणं बंद करावं. सकाळी आणा, संध्याकाळी न्या. लांबच्यांनी आईसकट राहावं, आई गेली तर मूलही जाईल. आबासाहेब आता थकले होते, पण बालसदन हा त्यांच्या म्हातारपणाचा अभिमान होता. लांबून पाहुणे बघायला येत आणि खिडक्यांची तारीफ करत.

"केशवराव, आईनं नाही ठेवलं आणि आपणही नाही ठेवलं, तर ती पोरं जातील कुठे?" त्यांनी विचारलं. "आज निदान दोन घास खातात, हसतात. तुम्हाला ती रडायला हवीत का?"

प्रश्न चांगल्या मनानं विचारलेला होता. "त्यांना घरी नेणारं कोणी हवंय," केशवराव म्हणाले.

"ते नकाशात काढता येतं का?"

कोणी हसलं नाही. ठराव झाला तो वेगळाच. मुलं वाढत होती म्हणून आणखी एक खोली बांधायची. ती केशवरावांनी काढली नाही. दुसऱ्यानं काढली, त्यांच्याच जुन्या खोलीवरून. खिडक्या हुबेहूब तशाच. पुढे दुसऱ्या एका गावच्या मंडळानं नकाशे मागितले तेव्हा त्यांनी झोपायच्या खोल्या वगळून नकाशा दिला. त्या लोकांनी खोल्या आपल्या आपण जोडून घेतल्या आणि मूळ कल्पना केशवराव लघाटे यांची, म्हणून उद्घाटनाला बोलावलं. ते गेले नाहीत. तब्येतीचं कारण सांगितलं.

कमल शिकली, ग्वाल्हेरच्या एका शाळेत नोकरीला लागली, तिथेच राहिली. केशवराव रिटायर झाले आणि नवराबायको प्रेम नगरात भाड्याच्या घरात गेले. नगरा तिथून लांब नव्हता, पण त्यांचं जाणं सुटलं. फूला तिथेच मोठी झाली आणि तिथेच पोरं सांभाळायला आया म्हणून लागली, एवढं त्यांच्या कानावर होतं. ऐकून बरं वाटावं की वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

एके दिवशी स्नेहलताबाई स्वतःच घरी आल्या. केस पांढरे झालेले, रिटायरमेंट जवळ आलेली.

"तुम्ही एकदा फूलाशी बोलाल का? तुमचं ऐकेल. पोरांच्या आयांना खोटंनाटं सांगते. काल एका बाईला घरी निरोप धाडला, तुमचा मुलगा रात्रभर रडला, जेवला नाही. तो मुलगा दोन पोळ्या खाऊन झोपला होता. ती बाई बिचारी हातातलं काम टाकून पळत आली. मंडळाकडे तक्रार गेलीय. कामावरून काढतील तिला."

केशवराव दुसऱ्या दिवशी गेले. कडुनिंब आता छपरापर्यंत गेला होता. फूला फाटकाजवळ कुबड्यांवर उभी होती, रुंद खांद्यांची बाई झाली होती. समोर एक खेड्यातली बाई डोक्यावरचं बोचकं सावरत उभी होती, आणि फूला तिला सांगत होती, "रात भर माँ माँ करती रही. चुप ही न हो. मैंने गोद में लिया, फिर भी नहीं."

आतल्या खिडकीत त्या बाईचीच मुलगी दुसरीच्या वेण्या ओढून खिदळत बसली होती. बाईचं तिकडे लक्षच गेलं नाही. ती बोचकं तिथेच टाकून आत धावली.

फूलानं केशवरावांना ओळखलं. नमस्कार केला.

"झूठ क्यों बोलती हो?" त्यांनी विचारलं.

"सच बोलूँ तो आती नहीं हैं, बाबूजी." ती शांतपणे म्हणाली. मग मागे वळून इमारतीकडे बघितलं. "ये आपने बनाया था न? स्नेहलता सिस्टरजी बता रही थीं."

"हाँ."

"अच्छा बनाया है," फूला म्हणाली, आणि बाईचं बोचकं उचलायला वाकली.

केशवरावांनी ते तिला उचलू दिलं नाही. स्वतः आत नेऊन ठेवलं. स्नेहलताबाई ऑफिसच्या दारात वाट बघत होत्या.

"बोललात?"

"नाही," केशवराव म्हणाले. "तक्रारीच्या सभेला मला बोलवा. मी तिच्या बाजूनं उभा राहीन."

त्यांना बोलावलं गेलं नाही. फूलाला महिनाअखेरीस कामावरून काढलं.